क्लॉज आणि वाक्यप्रकार: पेपरला बसण्याआधी काय काय पक्कं हवं

एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेत मराठी आणि इंग्रजी एकाच पेपरात येतात. तरी नागपूरच्या अभ्यासिकांमध्ये बहुतेकांच्या दोन्ही व्याकरणांच्या वह्या वेगळ्या आणि अभ्यासाचे दिवसही वेगळे असतात. क्लॉजच्या, म्हणजे उपवाक्याच्या, धड्यापुरती तरी ही फाळणी मोडा. पहिली तयारी म्हणजे एकच वही घ्यायची, डाव्या पानावर मराठी वाक्य लिहायचं आणि उजव्या पानावर त्याचं इंग्रजी. केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्य आपण शाळेतच शिकलोय. सिंपल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स हे बरंचसं त्याच घरातलं आहे. जिथे दोन्ही पानं जुळत नाहीत तिथेच मार्क जातात, म्हणून या वहीत न जुळणाऱ्या जागाच शोधायच्या आहेत.

त्याआधी हात बसायला हवा तो क्रियापदावर. वाक्य समोर आलं की अर्थ लावत बसू नका, पेन्सिलने फायनाइट व्हर्बखाली, म्हणजे काळ दाखवणाऱ्या क्रियापदाखाली, रेघ मारा. ओळखायची खूण सोपी: वाक्याचा काळ बदलून पाहा, जे रूप बदलेल ते फायनाइट. ‘ही हॅज बीन वेटिंग ॲट द मेट्रो स्टेशन’ यात तीन शब्द मिळून क्रियापद एकच होतं, म्हणून क्लॉजही एकच. ‘ही वेंट टु कळमना टु बाय ऑरेंजेस’ यातलं ‘टु बाय’ काळ बदलला तरी जागचं हलत नाही, म्हणून ती फ्रेज, म्हणजे नुसता शब्दसमूह. विद्यापीठात इंग्रजी शिकलेल्यांना इथे खटकेल, कारण नव्या व्याकरणांत अशा रचनेला नॉन-फायनाइट क्लॉज म्हणतात. स्पर्धा परीक्षांची गाडी मात्र अजून जुन्याच रुळावर चालते. तिथे फायनाइट व्हर्ब नसेल तर क्लॉज नाही, एवढं धरून चला.

आता वहीतली पहिली न जुळणारी जागा. ‘घरी आल्यावर तो जेवला’ हे मराठीत केवल वाक्य. उजव्या पानावर ‘व्हेन ही केम होम, ही एट’ लिहिलं की ते कॉम्प्लेक्स झालं. ‘बर्डीवर जाऊन त्याने पुस्तकं आणली’ हेही केवलच, पण त्याचं साधं इंग्रजी ‘अँड’ने जोडलेलं होतं. आपलं ‘-ऊन’ आणि ‘-ल्यावर’ एका क्रियापदात दोन-तीन कामं उरकून टाकतं, इंग्रजी बहुधा प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद मागते. त्यामुळे इंग्रजी वाक्याचा मनातल्या मनात मराठी अर्थ लावून त्यावरून प्रकार ठरवू नका. अशी पंधरा-वीस वाक्यं स्वतः लिहून काढा, गाइडमधली उतरवू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो जोड्यांना. मराठीत गौण वाक्य आणि मुख्य वाक्य हात धरून येतात: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो. इंग्रजीत बहुतेक वेळा पहिला हात पुरतो. ‘ऑल्दो इट वॉज व्हेरी हॉट, बट ही वॉक्ड’ या वाक्यातलं ‘बट’ आपल्या ‘तरी’ने आणून बसवलेलं असतं. ‘द मॅन हू सेल्स पोहा हिअर, ही इज माय नेबर’ यातलं ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत असली वाक्यं आपल्या कानाला बरोबर वाटतात, म्हणूनच ती धोक्याची. ‘इफ’नंतर ‘देन’ आलं तर बिघडत नाही, पण ‘इफ इट विल रेन टुमारो’ चालत नाही. पाऊस उद्याचा असला तरी अटीच्या क्लॉजमध्ये साधा वर्तमानकाळच येतो. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे, त्याला वरून आणखी ‘नॉट’ लावला की अर्थ उलटा फिरतो.

काही जागा मात्र दोन्ही पानांवर तंतोतंत जुळतात आणि त्यांचा फायदा घ्यायला हवा. परिणाम सांगणारं ‘म्हणून’ मराठीत संयुक्त वाक्य घडवतं आणि ‘कारण’ मिश्र. इंग्रजीतही ‘सो’ कंपाउंड आणि ‘बिकॉज’ कॉम्प्लेक्स. कंपाउंड जोडणारे शब्द सातच आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, यट, सो. हे एका दमात म्हणता यायला हवेत. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ त्यांच्या पंगतीला बसवू नका. ती क्रियाविशेषणं आहेत, दोन वाक्यांच्या मध्ये त्यांच्याआधी नुसता स्वल्पविराम पुरत नाही, अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो.

यानंतर ‘दॅट’. हा शब्द तीन घरची कामं करतो आणि प्रश्न काढणाऱ्यांचा भारी लाडका आहे. ‘आय नो दॅट ही लेफ्ट’ इथे तो नाउन क्लॉज, म्हणजे नामाचं काम करणारा क्लॉज, आणतो. अख्ख्या क्लॉजच्या जागी ‘इट’ ठेवून बघा, वाक्य उभं राहतं. ‘द बुक दॅट ही बॉट’ इथे नामाचं वर्णन करणारा ॲडजेक्टिव्ह क्लॉज, कारण ‘दॅट’ काढून ‘विच’ ठेवता येतं. ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही स्लेप्ट इन द बस’ इथे परिणामाचा ॲडव्हर्ब क्लॉज, म्हणजे क्रियाविशेषणाचं काम करणारा, आणि त्याची चाहूल ‘सो’ आधीच देतो. इथवर सगळ्यांना येतं. खरी गोम ‘न्यूज’, ‘फॅक्ट’, ‘रूमर’ अशा नामांनंतर आहे. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज ट्रू’ आणि ‘द न्यूज दॅट ही पास्ड वॉज ट्रू’ ही दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहा. पहिल्यात ‘विच’ बसतं: त्याने आणलेली बातमी. दुसऱ्यात तो पास झाला हीच बातमी आहे, तिथे ‘विच’ ठेवलं की वाक्य कोसळतं, म्हणून तो नाउन क्लॉज. नामाच्या पाठीला चिकटलेला प्रत्येक क्लॉज ॲडजेक्टिव्हच असतो असं काही क्लासेसच्या नोट्समध्ये सरसकट छापलेलं सापडतं. ते खोडा.

‘व्हेन’, ‘व्हेअर’ आणि ‘इफ’ही असेच वेश बदलतात. ‘आय डोंट नो इफ ही विल कम’ यातला ‘इफ’ म्हणजे ‘व्हेदर’, तो नाउन क्लॉज, म्हणून इथे ‘विल’ चालतं. म्हणजे शब्दावरून प्रकार पाठ करायचा नाही, त्या क्लॉजने वाक्यात काम कोणतं केलं ते पाहायचं. आपण सहज म्हणतो, ‘तो काय म्हणून राहिला, मला समजत नाही बाप्पा.’ याचं इंग्रजी करताना प्रश्नाचा क्रम तसाच राहतो आणि ‘आय डोंट अंडरस्टँड व्हॉट इज ही सेइंग’ होतं. बरोबर क्रम ‘व्हॉट ही इज सेइंग’.

वाक्याचे अर्थावरून पडणारे प्रकार एका संध्याकाळी उरकतात. विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार, आणि आपल्याकडची पुस्तकं इच्छा दाखवणारं ऑप्टेटिव्ह वेगळं धरतात. फक्त दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. मराठी व्याकरणात आज्ञार्थी वाक्य क्रियापदाच्या रूपावरून केलेल्या गटात बसतं, इंग्रजीत ते विधान आणि प्रश्नाच्याच रांगेत येतं. दुसरी गोष्ट क्रमाची. मे महिन्यातल्या नागपूरबद्दल ‘हाउ हॉट इट इज!’ म्हटलं तर उद्गार, आणि ‘हाउ हॉट इज इट?’ म्हटलं तर पारा किती चढला याची चौकशी.

पेपरच्या आदल्या आठवड्यात लपलेल्या क्लॉजची एक उजळणी ठेवा. ‘आय थिंक ही इज राइट’ यात ‘दॅट’ गायब आहे, तरी वाक्य कॉम्प्लेक्सच. ‘हॅड आय नोन’ने सुरुवात झाली की प्रश्न समजू नका, तिथे ‘इफ’ गिळलेला आहे. ‘नो सूनर’नंतर क्रियापद कर्त्याच्या आधी येतं आणि पुढे ‘दॅन’ लागतं, तर ‘हार्डली’ला ‘व्हेन’ लागतं.

शेवटी आयोगाच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका काढून घ्या, पहिल्या तालिकेवर थांबू नका. ‘ही गॉट अप अँड वेंट अवे’ अशा एक कर्ता आणि दोन क्रियापदं असलेल्या वाक्याला काही पुस्तकं सिंपल म्हणतात, काही कंपाउंड. दोन्ही बाजूंना आधार आहे, त्यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालण्यात अर्थ नाही. अंतिम तालिकेने असल्या वाक्याला जे नाव दिलंय, ते परीक्षेपुरतं वहीत लिहून पुढच्या धड्याकडे वळा.