वेबपेजवरचा तक्ता जावास्क्रिप्टने एक्सेलमध्ये कसा आणावा

समजा, सदाशिव पेठेत तुमची खानावळ आहे आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे भाव रोज एक्सेलमध्ये हवेत. वेबपेजवर तक्ता दिसतो, पण माउसने ओढून कॉपी करायला जावं तर मेनू, जाहिराती, तळटिपा सगळंच सोबत येतं. यावर उपाय ब्राउझरमध्येच आहे. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. संगणकावरचा क्रोम किंवा फायरफॉक्स पुरे. मोबाइलवर या फंदात पडू नका.

इथे कोडचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे वापरा. जोडशब्दात मधे जागा सोडू नका. पहिला शब्द स्मॉल लिपीत, पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

तक्त्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. पेजचा एचटीएमएल, म्हणजे पेजमागचा कोड, उघडेल. त्यात थोडं वर सरकून ‘टेबल’ टॅग शोधा. माउस नेल्यावर पेजवरचा अख्खा तक्ता रंगला, की टॅग बरोबर सापडला. त्यावर क्लिक करा. मग ‘कन्सोल’ टॅबमध्ये जाऊन एवढंच लिहा:

कॉपी($०.इनरटेक्स्ट)

डॉलर-शून्य म्हणजे तुम्ही आत्ता निवडलेला घटक. एंटर दाबा आणि एक्सेलमध्ये पेस्ट करा. आवक, किमान दर, कमाल दर आपापल्या रकान्यात बसतील, कारण इनरटेक्स्ट दोन रकान्यांमध्ये टॅब घालतं आणि दोन ओळींमध्ये नवी ओळ. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

(कन्सोलमध्ये कोड पेस्ट केलात तर ब्राउझर आधी इशारा देतो. तो रास्तच आहे. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेला न समजणारा कोड तिथे कधीही टाकू नये.)

इनरटेक्स्टला दुसरा पर्याय म्हणजे टेक्स्टकंटेंट. ते घटकाच्या पोटातलं सगळं देतं: लपवलेला मजकूर, अगदी स्क्रिप्ट आणि स्टाइल टॅगमधलासुद्धा. तक्त्यावर चालवलंत तर भाव एकमेकांना चिकटून येऊ शकतात. पण पेजची मांडणी तपासावी लागत नसल्याने ते वेगवान आहे. म्हणून अख्ख्या तक्त्याला इनरटेक्स्ट आणि सुट्या चौकटींना टेक्स्टकंटेंट, असा माझा हिशेब. इनरएचटीएमएल टॅगांसकट मजकूर देतं, ते इथे नको. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर हवा असेल तर त्या खान्याचं व्हॅल्यू वाचा.

सगळ्या चौकटी एकदम हव्या असतील तर:

$$('टीडी').मॅप(घर => घर.टेक्स्टकंटेंट.ट्रिम())

‘टीडी’ म्हणजे तक्त्यातली चौकट. मॅप प्रत्येक चौकटीवर तेच काम करतं आणि ट्रिम आजूबाजूच्या रिकाम्या जागा छाटतं. ‘घर’ हे नाव देवनागरीतच ठेवलंत तरी चालतं. जावास्क्रिप्टची त्याला हरकत नाही. दोन डॉलरची सोय मात्र फक्त कन्सोलपुरती. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टरऑल लिहा आणि ते ॲरे.फ्रॉम मध्ये घालून त्याची यादी करा (ॲरेचा ए कॅपिटल), नाहीतर मॅप चालणार नाही.

खरी गोची मराठी पेजवर पुढेच होते. दर ‘२४००’ असा देवनागरीत असेल तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. नंबर फंक्शनमध्ये (एन कॅपिटल) टाकलात तर ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’, असं उत्तर मिळतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नऊचा २४१५, म्हणून २४०६ वजा केले की काम होतं:

दर.रिप्लेस(/[०-९]/जी, अंक => अंक.चारकोडॲट() - २४०६)

इथे ‘दर’ म्हणजे चौकटीतून काढलेला मजकूर. चौकटी कंसातले ०-९ तेवढे देवनागरीतच टाइप करायचे. आकड्यात स्वल्पविराम असेल तर तो आधी काढा.

जुन्या पेजवर बिगर-युनिकोड फॉन्ट असेल तर पडद्यावर सुबक मराठी दिसतं आणि हाती विचित्र रोमन अक्षरं येतात. कोडमध्ये चूक शोधत बसू नका. तो मजकूर आधी त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणि भाव चित्र म्हणून चिकटवले असतील तर जावास्क्रिप्टला तिथे मजकूरच सापडत नाही, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन, वापरा.