पोटॅशियम चॅनेलचं इनॅक्टिव्हेशन मोजताना या चुका टाळा

व्होल्टेजची पल्स चालू असतानाच चॅनेलमधून वाहणारा करंट उतरू लागला की वहीत लगेच ‘इनॅक्टिव्हेशन’ (चॅनेल आपोआप निष्क्रिय होणं) लिहिलं जातं. थोडं थांबा. पेशीलगतच्या अरुंद जागेत पोटॅशियम साचलं, तरी करंट असाच उतरतो. एकदा 20 मिलिसेकंदांची आणि एकदा 1 सेकंदाची पल्स द्या आणि दोन्हींनंतर टेल करंट (पल्स संपल्यावर क्षणभर वाहणारा करंट) कुठल्या व्होल्टेजला उलटतो ते पाहा. लांब पल्सनंतर तो बिंदू शून्याकडे सरकला असेल, तर पोटॅशियम साचलं आहे.

सिरीज रेझिस्टन्सही (पिपेट आणि पेशी यांच्यामधला रोध) असाच फसवतो. 5 नॅनोअँपिअर करंट आणि 10 मेगाओहम म्हणजे सरळ 50 मिलिव्होल्टची चूक. अँप्लिफायरवर 80 टक्के कॉम्पेन्सेशन (भरपाई) लावलं तरी 10 मिलिव्होल्ट उरतात.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती घाईमुळे. केव्ही1.4 हा पोटॅशियम चॅनेल इनॅक्टिव्हेशनमधून सावरायला कित्येक सेकंद घेतो. दर 2 सेकंदांनी पल्स दिली, तर प्रत्येक वेळी आधीचेच निष्क्रिय चॅनेल हाती लागतात, शिखर खाली-खाली जातं आणि पेशी ‘खराब झाली’ म्हणून टाकून दिली जाते. होल्डिंग (दोन पल्समधलं व्होल्टेज) −80 ते −90 मिलिव्होल्ट ठेवा, दोन पल्समध्ये 20 ते 30 सेकंद जाऊ द्या. एकच पल्स तीनदा द्या. पहिलं आणि तिसरं शिखर जुळलं, तरच पुढे जा.

केव्ही4 हा दुसरा पोटॅशियम चॅनेल सावरतो लवकर, पण उघडण्याआधीच, बंद अवस्थेतच, निष्क्रिय होतो. होल्डिंग −50 ठेवून ‘या न्यूरॉनमध्ये ए-करंटच (पटकन चढून पटकन उतरणारा पोटॅशियम करंट) नाही’ असं लिहू नका. आधी −110 ला 500 मिलिसेकंद ठेवा, मग तपासा.

आता यंत्रणा. इनॅक्टिव्हेशनचे दोन प्रकार आहेत. एन-प्रकारात प्रथिनाच्या एन-टोकाचा ‘चेंडू’ आतल्या बाजूने छिद्रात अडकतो. 1990 मध्ये होशी, झगोटा आणि ऑल्ड्रिच यांनी फळमाशीच्या शेकर या पोटॅशियम चॅनेलच्या टोकाचा हा भाग कापला आणि जलद इनॅक्टिव्हेशन गेलं. तोच तुकडा पेप्टाइड म्हणून आतून दिला, तेव्हा ते परत आलं. सी-प्रकारात बाहेरच्या तोंडाजवळचा गाळणीचा भाग बदलतो, आणि हे सावकाश होतं. म्हणूनच टीईए (छिद्र अडवणारं रसायन, टेट्राइथाइलअमोनियम) आतून दिल्यास एन-प्रकार मंदावतो, बाहेरून दिल्यास सी-प्रकार. ही कसोटी उत्तम आहे, पण केव्ही1.4 ला लावू नका: त्याच्या तोंडाशी लायसिन हे अमिनो आम्ल असल्यामुळे बाहेरचा टीईए त्याला जवळपास लागतच नाही. तिथे बाहेरचं पोटॅशियम वाढवा; त्यानेही सी-प्रकार मंदावतो. जितकं वाढवाल तितकं सोडियम कमी करा, म्हणजे ऑस्मोलॅलिटी (द्रावणातल्या विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) ढळत नाही. पोटॅशियम पूर्ण काढून टाकलंत, तर केव्ही1.4 चा करंटच बसतो आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

पॅच (पिपेटला चिकटलेला पेशीपटलाचा तुकडा) पेशीपासून तोडल्यावर केव्ही1.4 चं जलद इनॅक्टिव्हेशन मिनिटांत नाहीसं झालं, तर क्लोनवर (पेशीत घातलेल्या चॅनेलच्या डीएनएवर) संशय घेण्याआधी ऑक्सिडेशन तपासा. चेंडूतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचं ऑक्सिडेशन झालं की तो छिद्रात नीट बसत नाही. आतल्या बाजूच्या द्रावणात ताजं ग्लुटाथायोन (ऑक्सिडेशन उलटवणारं रसायन) घाला. जलद उतार परत आला, तर क्लोन ठीक आहे.