मॉरिशस एका रविवारात उरकू नका

इथल्या एबेनच्या आयटी-नगरीत नोकरीवर रुजू झालेली आपली मंडळी पहिल्याच महिन्यात ग्रुपवर मेसेज टाकतात, पंधरा जणांची व्हॅन ठरते आणि एका रविवारात गंगा तलाव, शामारेल, ल मॉर्न, ग्री-ग्री सगळं उरकून घेतात. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, फोटो, की पुन्हा गाडीत. असे तीन-चार रविवार झाले की बेट बघून झालं. मग सहा महिन्यांनी हीच माणसं सांगत सुटतात, ‘इथे काही नाही हो, फार कंटाळा येतो.’ दर वर्षी नव्या चेहऱ्यांच्या तोंडून हेच ऐकते आणि खरंच वाईट वाटतं. बेट दक्षिणोत्तर जेमतेम 65 किलोमीटर आहे. इतक्या लहान जागी घाई केली तर ती संपणारच.

माझं सांगणं एवढंच: एका वेळी एकच गाव धरा.

माएबूर घ्या. विमानतळाच्या अगदी जवळ, त्यामुळे सगळे त्याच्या बाजूने जातात आणि थांबत कोणीच नाही. तिथे साध्या गेस्ट हाउसमध्ये तीन-चार रात्री राहा आणि त्यात सोमवार येईल असं बघा, कारण सोमवारी मोठा बाजार भरतो. एक दिवस नुसता बाजार आणि समुद्राकाठी बसणं. समोर खाडीपलीकडे लायन माउंटन दिसतो. याच खाडीत 1810 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजांनी अख्खं बेट घेतलं. गावातल्या संग्रहालयात ही हकीकत नीट मांडली आहे. दुसऱ्या दिवशी ब्लू बे. तिसऱ्या दिवशी होडीने ‘इल ओ एग्रेत’ या छोट्या बेटावर. तिथे मूळचं जंगल पुन्हा उभं केलंय, गुलाबी कबुतरं आणि प्रचंड कासवं मोकळी हिंडतात. आई-बाबा भारतातून आले की त्यांना व्हॅनमध्ये कोंबून बेटप्रदक्षिणा घडवू नका. त्यांना इथे आणा.

खाण्याची काळजी शाकाहारी माणसानेसुद्धा करू नये. दालपुरीची गाडी कुठेही सापडते. पुऱ्या जोडीनेच मिळतात: पातळ, मऊ, आत चण्याच्या डाळीची भुकटी. त्यावर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा, हिरवी चटणी, की कागदात गुंडाळून हातात. मिरची विचारूनच घाला म्हणावं, इथली मिरची आपल्या लवंगीला ऐकत नाही. सकाळी जा, दुपारनंतर बऱ्याच गाड्या आवरलेल्या असतात. डब्यात पोहे-ठेपले घेऊन निघणाऱ्यांची ही एक गंमत कायमची हुकते.

आता वाऱ्याचं, कारण हे कोणी सांगत नाही. मे ते ऑक्टोबर हा इथला हिवाळा, आणि त्या दिवसांत आग्नेयेकडचा वारा जोरात वाहतो. तेव्हा पूर्वेच्या ‘बेल मार’ किनाऱ्यावर गेलात तर वाळू अंगाला टोचते आणि पाणी गार लागतं. त्या महिन्यांत पश्चिम किनारा धरा: फ्लिक आँ फ्लाक, तामारँ, वर त्रू ओ बिश. उन्हाळ्यात उलटं करा, पश्चिमेला घामाच्या धारा लागतात आणि पूर्वेला तोच वारा सुखाचा वाटतो. क्युरपीपला पाऊस पडतोय म्हणून घरी बसू नका. ते साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाऊस असतोच. अर्ध्या-पाऊण तासात खाली उतरलात की किनाऱ्यावर लख्ख ऊन. गंगा तलावही वरच आहे, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी शाल हवीच.

राजधानी पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो आहे, एबेनलाही फाटा आहे. बाकी बेट बसने फिरा. बसमध्ये कंडक्टर तिकीट देतो, बाजूची आजी आपणहून बोलायला लागते, थांबा चुकला तर चार जण सांगतात. चढताना ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका. न बोलता चढणं इथे उद्धट समजतात. संध्याकाळी मात्र जपा. खेड्यांकडच्या बसगाड्या सहा-साडेसहाला बंद होतात आणि हिवाळ्यात पावणेसहालाच अंधारतं. शेवटची बस कधीची, हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

गाडी लागेल, नाही असं नाही. सुयाकपासून बेल ओंब्र, माकोंदेवरून ल मॉर्नपर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता गाडीनेच करावा, जागोजागी थांबत. पण ओळखीतल्या कोणाची घरची गाडी स्वस्तात भाड्याने घेऊ नका. परवाना असलेल्याकडूनच घ्या आणि विम्याच्या कागदावर गाडी भाड्याने देण्यासाठी असल्याचं लिहिलंय का ते स्वतः वाचा. आमच्याच ओळखीचं एक नवीन जोडपं. निम्म्या भाड्यात गाडी मिळाली म्हणून खुशीत होते. वळणावर समोरच्या गाडीला घासली. विमा खासगी वापराचा, त्यामुळे कंपनीने हात वर केले. दोन्ही गाड्यांचा खर्च यांच्या गळ्यात आला आणि वर्षभराची बचत गेली. तरी पुढच्या बॅचमध्ये तेच. ‘आपलाच माणूस आहे’ या शब्दावर गाडी घेऊ नका. कितीही चांगला माणूस असो, कागद बघा. आणि कागद मागितल्यावर जो रागावतो, त्याची गाडी तर अजिबात नको.

समुद्राबद्दल थोडंसं. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे म्हणून आतलं पाणी शांत असतं. ग्री-ग्रीला ती भिंत नाही. तिथे बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. इतरत्र पायात रबरी बूट घाला.

नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळाचा हंगाम. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. तिसरा लागला की बस, दुकानं सगळं बंद होतं. पहिल्याच वर्गाला घरी परता. जानेवारी 2024 मध्ये बेलाल चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या होत्या.

आपल्या माणसांविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथले मराठी लोक म्हणजे तुमच्याआमच्यासारखे विमानाने आलेले नव्हेत. त्यांचे पूर्वज रत्नागिरी-सावंतवाडीकडून मुंबई बंदरातून मजुरीच्या करारावर आले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट कामाच्या दिवशी, गर्दी नसताना, निवांत बघा. 1834 पासून जवळजवळ पाच लाख माणसं त्या धक्क्यावरून आत आली. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील, जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी रचलेले. ऊस उभा असतो तेव्हा ते झाकले जातात, कापणीनंतर दिसतात.

हे लोक घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली, बोलतात. मराठी राहिलं आहे ते आरतीत, भजनात, झाकरीच्या नाचात. नव्याने आलेले काही जण त्यांना ‘मराठी असून बोलता येत नाही?’ असं तोंडावर विचारतात. कृपा करून असं करू नका. पिढ्यानपिढ्या परक्या मुलखात ज्यांनी गणपती टिकवला, ज्यांच्यामुळे गणेश चतुर्थीला या देशात सरकारी सुट्टी मिळते, त्यांची परीक्षा घेणारे आपण कोण? कास्काव्हेल गावी चतुर्थीला जा, सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत थांबा, विसर्जनाला सोबत चाला. आमंत्रणाची वाट बघावी लागत नाही.

वर्ष झालं की मॉरिशसच्याच रॉड्रिग्स बेटावर जा. विमानाने दीड तास, आणि किमान पाच दिवस हवेत. पोर्ट माथुराँचा शनिवारचा बाजार पहाटे भरतो, नऊला गेलात तर लोणची तेवढी उरलेली असतात, म्हणून शुक्रवारीच पोचा.