आईची गोळी आणि शेडमधली बाटली: कोलिनेस्टरेज अडवणारी औषधं घरात असतील तर काय काय बघायचं

आईला विसरण्याच्या आजारासाठी डोनेपेझिल सुरू केली त्याच पावसाळ्यात सांवेरकडच्या आमच्या शेतात सोयाबीनवर फवारणी करणारे काका दुपारी बांधावर बसलेले दिसले, घामाने निथळलेले, तोंडातून लाळ, डोळ्याच्या बाहुल्या अगदी टाचणीच्या डोक्याएवढ्या. पाठीवरचा पंप गळत होता आणि सकाळपासून तोच ओला सदरा अंगावर. मी फार्मसी शिकलेली, इंदूरमध्ये रोज मेडिकलच्या काउंटरवर बसणारी, तरी आईची जुलाबाची तक्रार आणि काकांची ती अवस्था एकाच जागची आहे हे माझ्या डोक्यात त्या रात्री जुळलं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूसही आहे आणि शेतीही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी काय होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. नस स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देते तेव्हा ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते, आणि निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं, त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो इतकं ते चपळ. ते एन्झाइम अडवलं की ॲसिटिलकोलिन तिथेच साचतं, म्हणजे दाराच्या बेलवरचं बोट उचललंच नाही तर कसं होईल तसं. तोंड, नाक, डोळे, घाम, आतडी, छातीतला कफ, सगळीकडे पाणी सुटतं, नाडी मंदावते, बाहुली बारीक होते, स्नायू आधी फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. म्हणून मी घरात एकच प्रश्न शिकवलाय, माणूस ओला आहे की कोरडा? सगळीकडून ओला म्हणजे ही बाजू.

अल्झायमरमध्ये मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, तर जे उरलंय ते थोडं जास्त वेळ टिकू दे म्हणून डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलेंटामिन देतात. आजार यांनी थांबत नाही, हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण काही महिने माणूस स्वतःचं स्वतः जेवला, नावं ओळखली, तर तेही थोडं नाही. हीच युक्ती दुसरीकडेही चालते. मायस्थेनिया ग्रेव्हिस, ज्यात पापण्या पडतात, चावताना जबडा दमतो, त्यात पायरिडोस्टिग्मिन देतात, आणि याची सुरुवात १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी फायसोस्टिग्मिन देऊन केली. ऑपरेशन संपल्यावर भूल देणारे डॉक्टर स्नायू परत चालू करायला निओस्टिग्मिन देतात ते पण हेच, नाग चावल्यावर सर्पविषाच्या लशीसोबत देतात ते पण हेच.

आता घरात काय करायचं. डोनेपेझिल बहुतेक ५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि चार-सहा आठवड्यांनी १० वर जाते, ही वाढ आपल्या मनाने लवकर करायची नाही, उलटी-जुलाब बहुतेक घाईनेच वाढतात. रात्री गोळी घेऊन भयानक स्वप्नं पडत असतील, आई दचकून उठत असेल, तर डॉक्टरांना विचारून सकाळी द्या, आमच्याकडे एवढ्या एका बदलाने रात्र शांत झाली. रिवास्टिग्मिनची कॅप्सूल जेवणासोबत. कातडीवर चिकटवायचा पॅच असेल तर नवा लावायच्या आधी जुना काढलाय का ते पाठीवर हात फिरवून खरंच बघा, दोन-दोन पॅच राहिले की डोस दुप्पट होतो आणि माणसं यातून गंभीर झालेली आहेत. त्याच जागेवर १४ दिवस परत लावायचा नाही. आणि मध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त सुटला तर जुन्याच ताकदीने सुरू करू नका, फोन करा, बहुतेक खालच्या डोसपासून परत चढवावं लागतं.

रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ५० च्या खाली, किंवा चक्कर येऊन पडली, तर पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टर. बीपीसाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर जास्तच लक्ष, दोन्ही नाडी मंद करतात. वजन लिहून ठेवा, भूक हळूहळू जाते आणि आपण वयावर ढकलतो. दमा किंवा जुना अल्सर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी छोटं, की भूल देणाऱ्यांना गोळीचं नाव सांगा, कारण भुलेच्या काही औषधांचा असर यामुळे लांबतो.

एक चूक मी काउंटरवर इतक्यांदा बघते की इथे थांबायलाच हवं. डोनेपेझिलने लघवीची घाई होऊ शकते, मग घरचे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, ते ऑक्सिब्युटिनिन लिहून देतात, आणि ती बरोबर उलटं काम करते. एक औषध निरोप वाढवतं, दुसरं तोच निरोप बंद करतं, आणि म्हातारा माणूस मधल्यामध्ये जास्त गोंधळतो आणि वर बद्धकोष्ठ. सर्दीच्या गोळीतली क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, यांचाही तोच प्रकार. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांसमोर ओता, लाजू नका.

आता शेड. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, मॅलेथिऑन ही ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारची कीटकनाशकं तेच एन्झाइम अडवतात, फरक हा की आईची गोळी मापात पकडते आणि काही दिवसांत सोडते, हे घट्ट पकडतात आणि वेळ गेला की सोडतच नाहीत, मग शरीराला नवीन एन्झाइम बनवावं लागतं, त्याला आठवडे लागतात. कार्बामेट प्रकारचं कीटकनाशक असेल तर पकड काही तासांत आपोआप सुटते, पण ते काही तासही जीव घेऊ शकतात. जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकंच शोधत होते आणि १९३६ मध्ये हाती टाबुन लागला, युद्धातला विषारी वायू, इतकं हे नातं जवळचं.

कुणी असा ओला, धापा टाकत सापडला तर आधी स्वतःच्या हातात ग्लोव्ह्ज, नसतील तर प्लास्टिकची पिशवी, नाहीतर मदत करणाऱ्याच्या कातडीतूनही जातं. त्याला मोकळ्या हवेत आणा, सगळे कपडे काढा, साबण-पाण्याने केस, नखं, काखा, कानामागे सगळं धुवा, १०८ ला फोन धुता धुता करा. फवारणीचं औषध प्यायलं असेल तर उलटी काढायची नाही, बोट घालून नाही, मिठाच्या पाण्याने नाही, त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे औषध विरघळवणारं द्रव, फुप्फुसात गेलं की वेगळंच संकट. दूध नाही, तूप नाही. डाव्या कुशीवर झोपवा आणि बाटली लेबलसकट सोबत न्या, त्यावर घटक आणि उतारा दोन्ही छापलेलं असतं. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. म्हणूनच मी हात जोडून सांगते, औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवू नका, लेबलही जातं आणि पोरं पितात.

या विषावरचा उतारा म्हणजे ॲट्रोपिन, तो धोत्र्यातही असतो, म्हणून मागे कुणीतरी धोत्र्याचं बी वाटून द्यायचं सुचवलं होतं. नाही, कधीच नाही, बियांत किती आहे ते कुणाला कळणार, आणि तेही विषच. हॉस्पिटलमध्ये ॲट्रोपिन दर काही मिनिटांनी दुप्पट करत देतात, ढीगभर ॲम्प्यूल फुटलेले बघून नातेवाईक घाबरतात, भांडतात. थांबा. छातीतली घरघर कोरडी होईपर्यंत आणि नाडी वर येईपर्यंत ते द्यावंच लागतं. सोबत पॅम (प्रालिडॉक्सिम) देतात, ते एन्झाइमवरची विषाची पकड सोडवायला, लवकर मिळालं तरच उपयोगाची आशा, आणि तेही सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. पण ॲट्रोपिन स्नायूंचा लुळेपणा काढत नाही, श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटरच लागतो.

काकांची घरघर संध्याकाळपर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी बोलू लागले, आणि घरचे म्हणाले आता सोडा. डॉक्टरांनी सोडलं नाही. साधारण एक ते चार दिवसांत, वरून बरं वाटत असताना, मानेचे आणि श्वासाचे स्नायू परत कमजोर पडू शकतात. नर्स दर थोड्या वेळाने येऊन म्हणायची, काका, उशीवरून डोकं उचला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना ते उचलता आलं नाही, आणि ते वॉर्डात होते म्हणून वेळेत श्वासाची नळी घालता आली. घरी असते तर झोपलेत असंच वाटलं असतं सगळ्यांना.