पिकअपच्या एसीतून आवाज येतोय? गॅरेजला नेण्याआधी एवढं बघाच

खरखर असो, टकटक असो, किर्रर्र असो, सगळ्यात आधी इंजिन बंद ठेवा, चावी नुसती ऑन करा आणि फक्त ब्लोअर लावा. एक नंबर, मग दोन, तीन, चार, प्रत्येकावर थोडं थांबून ऐका. बोनेट नंतर उघडा. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडून हेच राहिलं, गॅस काढला, कॉम्प्रेसर उतरवला आणि शेवटी आवाज निघाला ब्लोअरमध्ये अडकलेल्या कडुनिंबाच्या पानांचा, गॅस पुन्हा भरायचा खर्च वेगळाच.

कारण साधं आहे भाऊ. इंजिन बंद असलं की पट्टाही फिरत नाही अन् कॉम्प्रेसरही नाही, म्हणजे तेव्हा जे ऐकू येतं ते ब्लोअरचंच. नंबर वाढवला की आवाजही वाढतो का बघा. टेबल फॅनला कागद लागल्यासारखी फरफर असेल तर पानं किंवा कचरा, बारीक चूं चूं असेल तर मोटरचं बुश, म्हणजे तिचा दांडा ज्यात फिरतो ती कडी. नागपुरात फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते आणि आपण सावली बघून गाडी नेमकी त्याच झाडाखाली लावतो, पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात. ती जाळी हाताने साफ करा. ब्लोअर बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन-तीन स्क्रू काढले की हात पोचतो, पण त्याआधी चावी काढून घ्या.

आता सामान. टॉर्च, मोबाईल, पाण्याची स्प्रे बाटली, सोबत एक माणूस. दुपट्टा, सैल बाही, हातातलं कडं काढून ठेवा, पट्टा दयामाया करत नाही. हे सगळं सकाळी गाडी थंड असतानाच करा. एकतर मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी बोनेटला हात लावता येत नाही, आणि दुसरं म्हणजे पट्ट्याचा आणि बेअरिंगचा आवाज कित्येकदा थंड इंजिनवरच येतो, तुम्ही नागपूरजवळच्या वाडीला गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर तो गायब आणि मेकॅनिक म्हणतो काहीच तर नाही. म्हणून रेकॉर्डिंग करा, आणि रेकॉर्ड करताना तोंडाने बोला की आता एसी बंद आहे, आता चालू केला, नाहीतर नंतर कोणता आवाज कधीचा तेच कळत नाही.

ब्लोअरचं झालं ना? नक्की? चावी ऑन, इंजिन बंद, सगळे नंबर ऐकले? मग पुढे.

इंजिन चालू, एसी बंद. एसी बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यासोबत फिरतच असते, आतला भाग मात्र मॅग्नेट क्लच, म्हणजे पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारी चुंबकाची चकती, चिकटल्यावरच फिरतो. त्यामुळे एसी बंद असतानाही घरघर येऊन राहिली तर पुलीचं बेअरिंग बघा, नाहीतर आयडलर, टेन्शनर (पट्ट्याला वाट देणारी आणि ताणून धरणारी चाकं), अल्टरनेटर, वॉटर पंप यातलं काहीतरी, कॉम्प्रेसर बदलायची घाई काहून करायची? आता एसी लावा. एकदा खट्ट होणं ठीक आहे, तो क्लच चिकटतो. पण दर काही सेकंदांनी खट्ट-खट्ट होत असेल आणि हवाही धड थंड नसेल तर बहुधा गॅस कमी आहे. एसी लावला की पट्टा किंचाळतो का? इंजिन बंद करून पट्ट्याच्या आतल्या बाजूला थोडं पाणी मारा, मग चालू करा, आवाज वाढला तर पट्टा ढिला, क्षणभर गेला आणि परत आला तर पुली सरळ रेषेत नाही. एसी लावल्यावरच ठोकल्यासारखा जड आवाज येत असेल तर आधी कॉम्प्रेसर ज्यावर बसवलेला असतो त्या ब्रॅकेटचे बोल्ट तपासा, आपल्या रस्त्यांवर माल भरून पिकअप हाणली की ते ढिले होतातच. बोल्ट घट्ट असूनही ठोकतंय तर मात्र एसी लावूच नका, आतला चुरा सगळ्या सिस्टीममध्ये गेला तर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) आणि बहुतेक वेळा कंडेन्सरही (गॅस थंड करणारी समोरची जाळी) बदलावा लागतो.

काही आवाजांना घाबरू नका. एसी बंद केल्यावर थोडा वेळ सुस्स होतं, ते दाब सारखा होत असतो म्हणून. व्हिस्कस फॅनवाल्या गाडीत, म्हणजे रेडिएटरचा पंखा इंजिनवरच फिरतो अशा गाडीत, कडक उन्हात समोरून मोठा घोंघाट येतो, तोही चालतो. डॅशबोर्डमागे पाणी खळखळलं तर कूलंट बघा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

गॅसचे पाईप घरी खोलू नका. एसीत असतो तो आर-१३४ए गॅस उणे २६ अंशालाच उकळतो, डोळ्यात किंवा कातडीवर उडाला तर हिमदंश.

गॅरेजमध्ये रेकॉर्डिंग ऐकवा. आणि कॉम्प्रेसर गेला म्हणाले तर त्यांच्यासमोर परत तेच करून दाखवा, इंजिन बंद, चावी ऑन, ब्लोअर. त्याशिवाय कॉम्प्रेसरच्या एकाही नटाला पाना लावू देऊ नका. गॅस भरायचा झाला तर आधी लीक शोधा, मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, मग बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून, अंदाजाने नाही, जास्त भरला तरी कॉम्प्रेसर आवाज करतो. तेल कोणतं, किती टाकलं ते विचारा. जुना पार्ट परत मागा, बिल घ्या.