माथेरानहून नागपूर : स्वतःची गाडी न नेता कसं जायचं

या प्रवासात रेल्वेचे जवळपास आठशे किलोमीटर सर्वांत सोपे. बर्थवर आडवं व्हायचं, सकाळी उतरायचं. वेळ खातो तो हॉटेलच्या दारापासून नेरळ स्टेशनपर्यंतचा दहा-एक किलोमीटरचा पट्टा. त्यामुळे नियोजन नागपूरच्या गाडीपासून उलटं करत आणायचं, आणि हाताशी असलेला जास्तीचा वेळ डोंगर उतरण्यासाठी राखून ठेवायचा.

आधी नागपूरचं तिकीट

माथेरानचं हॉटेल ठरवण्याआधी हे काम उरका. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि या मार्गावर सुट्ट्यांमध्ये वेटिंग लगेच लागतं. सीएसएमटीहून दुपारी तीनच्या सुमारास सेवाग्राम एक्सप्रेस सुटते, संध्याकाळी सातच्या सुमारास विदर्भ एक्सप्रेस. माझं मत विदर्भच्या बाजूने आहे. ती कल्याणला रात्री आठच्या आसपास येते, म्हणजे माथेरानची सकाळ मोकळी मिळते आणि उतरायला पुरेसा उजेडही राहतो. निघण्याआधी त्या दिवसाची वेळ तपासून घ्याच.

गाडी पकडायला मुंबईला जायची गरज नाही. तिकीट काढतानाच बोर्डिंग स्टेशन कल्याण निवडा. कल्याणला फाटा फुटतो : एक लाईन नेरळ-कर्जतकडे, दुसरी कसाऱ्याकडे. मुंबई-नागपूर गाड्या कसारा घाटातून जातात, म्हणून नेरळहून कल्याणला येऊनच गाडी बदलावी लागते.

मग मागे मोजत या

कल्याणला आठला गाडी असेल तर सातला तिथे असा. म्हणजे नेरळहून सहाच्या आत लोकल, दस्तुरी नाक्यावर (गाड्या इथपर्यंतच येतात) पाचला, आणि हॉटेलमधून साडेतीन-चारला बाहेर. रविवार किंवा जोडून आलेली सुट्टी असेल तर यात सरळ दोन तास वाढवा. परतणाऱ्यांच्या गर्दीत दस्तुरीपासून घाटापर्यंत वाहनं मुंगीच्या गतीने सरकतात.

हॉटेल ते दस्तुरी नाका

माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे आणि तिथली शांतता त्या बंदीमुळेच टिकून आहे. पण सामान नेण्याचा प्रश्न तुमचा. बाजारपेठेपासून दस्तुरी अडीच-तीन किलोमीटर. पर्याय असे : माथेरान स्टेशनहून अमन लॉजपर्यंत (दस्तुरीजवळचं मिनी ट्रेनचं स्टेशन) मिनी ट्रेनची शटल, ई-रिक्षा, घोडा, किंवा पायी.

शटल सर्वांत आरामाची. मात्र डबे छोटे आणि जागा मोजक्या, त्यामुळे तिकीट खिडकीवर लवकर रांग लावा. शटल भरली तर वाट पाहत बसू नका, चालायला लागा. रुळांच्या कडेने झाडीतून जाणारी वाट तासाभरात अमन लॉजला पोचवते. ई-रिक्षांची संख्या मर्यादित आहे, सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासाठीही रांग असते. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. फार आधी व्हायला हवं होतं ते.

सामान पाठीवरच्या सॅकमध्ये घ्या. चाकाची बॅग लाल मातीत आणि उघड्या दगडांवर घरंगळत नाही, ती फरफटते. पावसाळ्यात तर चाकांत चिखल बसून ती उचलूनच न्यावी लागते. जास्त ओझं असेल तर हमाल करा आणि पैसे आधी ठरवा. खाऊची प्लास्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात आणि थेट हातावर झडप घालतात. चिक्की सॅकच्या तळाशी, चेन पूर्ण ओढून.

दस्तुरी ते नेरळ

इथून शेअर टॅक्सी मिळते. सीटप्रमाणे भाडं, गाडी भरली की सुटते. घाट उतरायला साधारण अर्धा तास. वळणं तीव्र आहेत, मळमळत असेल तर पुढची सीट मागून घ्या.

मिनी ट्रेनने का नाही? १९०७ मध्ये सुरू झालेली ही २१ किलोमीटरची लाईन महाराष्ट्राचं वैभव आहे, तिच्यातून एकदा तरी जावंच. पण दोन-अडीच तासांचा हा प्रवास वर चढताना करा, उतरताना पुढची गाडी गाठायची असते. शिवाय पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो.

नेरळ ते कल्याण

लोकलचं तिकीट वेगळं काढायचं. कल्याणपासूनचं आरक्षण नेरळहून लोकलमध्ये चालत नाही. मुंबईकडे जाणाऱ्या प्लॅटफॉर्मवर उभे राहा. लोकल फास्ट आहे की स्लो, हे इथे बघायचं कारण नाही, कारण कल्याणपर्यंत ती शेलू, वांगणी, बदलापूर अशी सगळी स्टेशनं घेतेच. साधारण पाऊण तास. या लाईनवर गाड्या मुंबईतल्यासारख्या दर चार मिनिटांनी नसतात. एक चुकली तर पुढचीला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. संध्याकाळची चाकरमान्यांची गर्दी उलट दिशेची, म्हणून एरवी चढायला अडचण येत नाही. रविवारी मात्र सहलीची गर्दी तुमच्याच दिशेने असते.

कल्याणला आणि पुढे

उतरल्याबरोबर जेवणाचं बांधून घ्या, पाणी भरा, मग पुलावर जाऊन इंडिकेटर बघा. प्लॅटफॉर्म आयत्या वेळी बदलू शकतो, म्हणून घोषणांकडे कान ठेवा. आपला डबा जिथे लागेल तिथेच सामान घेऊन उभे राहा, गाडीचा थांबा काही मिनिटांचाच असतो.

सकाळी नागपूरला उतरल्यावर ऑटोवाल्यांशी घासाघीस करण्याआधी मेट्रो बघा. नागपूर रेल्वे स्टेशन हे ॲक्वा लाईनवर आहे. सीताबर्डीला गाडी बदलली की खापरी किंवा ऑटोमोटिव्ह चौकाच्या दिशेने ऑरेंज लाईन मिळते. आणि मुळात अमरावतीला जायचं असेल तर नागपूरपर्यंत येऊच नका. विदर्भ एक्सप्रेस बडनेऱ्याला थांबते, तिथून अमरावती शहर दहा-एक किलोमीटरवर आहे.