मिरचीची रोपं वाढत नाहीत? खत राहू दे, आधी पाणी थांबवा

बी रुजवणं तुम्ही केलंय असं धरतो, त्यावर वेळ घालवत नाही. रोप वर येतं, पहिली दोन गुळगुळीत पानं उघडतात आणि मग तीन आठवडे हूं की चूं नाही, खरी अडचण इथे असते. यावर जो तो सांगतो, खत घाला. अजिबात घालू नका. मिरची मुळात संथ पीक आहे, टोमॅटोच्या शेजारी ठेवून तुलना केलीत तर उगाच घाबराल. ढोबळी काय, साधी तिखट मिरची काय, बी टाकल्यापासून लावणीजोगं रोप व्हायला ६ ते ८ आठवडे जातातच, आणि भूत जोलोकिया, हबानेरो या जाती तर त्याहून सावकाश.

पण संथ वेगळं आणि अडकलेलं वेगळं. अडकलेल्या रोपाचं कारण बहुतेक वेळा मातीत असतं.

मी पहिली काही वर्षं रोज सकाळी न चुकता पाणी द्यायचो, वरची माती जरा फिकी दिसली की लगेच, आणि रोपं पिवळी पडली की भूक लागली असेल म्हणून वरून पातळ खत. शेवटी वैतागून एक रोप कपातून उपसून बघितलं तर मुळं तपकिरी, चिकट, बोटात धरून ओढलं तर वरची साल सटकून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, वर कुबट वास. चांगलं मूळ पांढरं आणि टणक असतं. मुळांना हवाच मिळत नव्हती आणि मी त्यांना अजून पाणी पाजत होतो. तेव्हापासून शंका आली की एक रोप उपसून बघतोच, तुम्हीही बघा, एका रोपाचा मोह धरू नका.

करायचं काय, तर माती वाफशावर ठेवायची, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही. वरून बघून हे कळत नाही, कप उचलून बघा. पाणी दिल्यावर किती जड लागतो ते हाताला एकदा कळलं की झालं, चांगला हलका लागेपर्यंत थेंबही द्यायचा नाही. मग द्यायचं ते पोटभर, खालून निथळेपर्यंत, आणि बशीत साठलेलं ओतून टाकायचं. रोज चमचाभर पाणी देणं हा सगळ्यात वाईट प्रकार, वरचा थर कायम ओला राहतो आणि बुरशीने रोप बुडाशी बारीक होऊन कोलमडतं. असं कोलमडलेलं वाचत नाही, काढून टाका. कपाला भोकं नसतील तर बाकी सगळं व्यर्थ.

दुसरं कारण गारठा. १५ अंशाच्या खाली मिरची जवळजवळ थांबते, दिवसा २१ ते २७ अंश असेल तर खुश असते. थंडीत ट्रे गार फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी किंवा जाड पुठ्ठा घाला. खोडाच्या पेराशी जांभळट छटा दिसली तर ती मिरचीत नॉर्मल आहे, त्यावर औषध शोधत बसू नका.

उजेड भरपूर हवा, दिवा लावत असाल तर १४ ते १६ तास. रोप लांबुडकं होऊन एका बाजूला झुकलं म्हणजे उजेड कमी पडतोय.

खत आता, पहिली दोन गुळगुळीत पानं सोडून पुढे येणाऱ्या खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं, दहा-बारा दिवसांनी एकदा, आणि ओल्या मातीतच. कोरड्या मातीत घातलंत तर मुळं भाजतात.

मुळं भोकांतून डोकावली की एकच साइज मोठी कुंडी घ्या. एकदम मोठ्या कुंडीत टाकलंत तर एवढी माती आठवडाभर ओलीच राहते आणि परत तेच रडगाणं. टोमॅटोसारखं खोड खोल गाडायची गरज नाही, आधी होतं त्याच पातळीवर लावा.

बाहेर नेताना आठवडाभर उन्हाची सवय, पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत न्या. पानं आक्रसून कुरळी दिसली तर उलटी करून बघा, फुलकिडे किंवा कोळी कीड (माइट) असते. आणि रोप वीतभर असतानाच कळी आली तर खुडा, हात धजत नाही हे मला माहितेय, पण खुडाच, रोपाला आधी फांद्या फुटू देत.